बाळंतिणीच्या ओसरीवरची ताडपत्री

समोरच्या भाडेकरणीच्या हातात विळा होता आणि मी तिचं मनगट धरलं होतं. माझ्या ओसरीला बांधलेल्या ताडपत्रीची दोरी ती कापत होती. ताडपत्रीच्या आत बाजेवर माझी लेक होती, बाळंत होऊन बारा दिवस झालेली, आणि तिच्या कुशीत तिची पोर. दोघींपैकी कुणाचाच आवाज येत नव्हता.

"सोडा अक्का," ती म्हणाली. "पोर रडून नाही राहिली."

"झोपलीय. तू कोण बघणारी?"

"सकाळपासून रडली न्हाई. दोन पाजण्या चुकल्या. सोडा."

मी सोडलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं मला ढकललं. मी खांबावर आदळले आणि तेवढ्यात तिनं दोरी कापली. ताडपत्री खाली आली तशी आतून भट्टीचं तोंड उघडावं तशी वाफ अंगावर आली. लेक घामानं निथळत होती, डोळे अर्धे मिटलेले. विचारलं तर बोलली नाही. पोरीला उचललं तर अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. ओठ सुकून पांढरे पडले होते. डोक्यावरची टाळू खड्ड्यासारखी आत गेली होती.

दुपारचे दोन वाजले असतील. ताडपत्री मीच बांधली होती. का बांधली होती, ते सांगते.

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्यापाठोपाठ दुष्काळ आला. जिल्हा झाला म्हणून हापिसं आली, हापिसं आली म्हणून बाहेरगावचे नोकरदार आले, आणि ज्याच्याकडं दोन खोल्या जास्त होत्या त्यानं त्या भाड्यानं दिल्या. आम्हीही दिल्या. माझा नवरा मोंढ्यात मापाडी होता, आडतीवर धान्य मापायचा. दुष्काळात मापायला धान्यच नव्हतं, तेव्हा भाडं येतंय ते बरं, असं तो म्हणाला. भाडेकरू नांदेडकडचा, आंध्राच्या हद्दीवरच्या बिलोलीचा, नव्या हापिसात कारकून. बायको आणि तो, दोघंच. लग्नाला आठ वर्षं झालेली आणि लेकरू नाही. मला एवढं कळलं तेवढं पुरे होतं.

आमचं घर असं होतं की मधे अंगण, एका बाजूला आम्ही, समोर ते. आमची ओसरी मावळतीकडं तोंड करून, वर पत्रे. दुपारी बारानंतर ऊन सरळ आत यायचं आणि संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. त्यांची ओसरी उगवतीकडं तोंड करून. तिला दुपारचं ऊन लागतच नव्हतं. तरी त्या बाईनं आल्या आल्या बुरडाकडून चिकाचा पडदा करून आणला. बांबूच्या बारीक कांबट्या सुतानं विणलेल्या, गुंडाळला की वर जातो, सोडला की खाली येतो. आणि हा पडदा ती दुपारी सोडायची.

ऊन नसताना पडदा कशाला? मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाईमाणूस हाय, आडोसा लागत असंल."

मी एक दिवस ती टँकरला गेल्यावर तिच्या ओसरीवर जाऊन पडद्याआड उभी राहिले. तिथून माझी ओसरी सगळी दिसत होती. माझी चूल, माझा रांजण, बाज, खुंटीवरचं लुगडं. अंगणातून पाहिलं तर मात्र पडद्याच्या आतलं काही म्हणता काही दिसत नव्हतं. तेव्हाच मला समजलं की ही आडोशाची भानगड नाही. ही बघण्याची भानगड आहे.

दुसरं म्हणजे पाणी. टँकर चौथ्या दिवशी यायचा. आमच्या घरात लेकीची आंघोळ सोडली तर कुणी आंघोळ करत नव्हतं. आणि हिच्या पडद्याच्या खालच्या काठाला गोणपाट शिवलेलं, ते रोज दुपारी ओलं. कुठून येतं पाणी? मी रात्री झोपताना रांजणात पाणी कुठवर आहे ते बोटानं मोजून ठेवायला लागले. कमी झालेलं कधी सापडलं नाही. त्यानं माझा संशय गेला नाही. उलट ही सफाईनं घेते, असं वाटलं.

लेक निलंग्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली आणि ऐन वैशाखात मोकळी झाली, मुलगी. सुईण आमच्याच गल्लीतली म्हातारी, हातात कसब होतं तसं जिभेवर विष होतं. रोज पोरीला न्हाऊ घालायला यायची आणि समोरच्या पडद्याकडं बघून म्हणायची, "वांझ बाई बाळंतिणीसमोर? तिची नजर दगड फोडंल. आडोसा कर गं, आडोसा."

मला सांगावं लागलं नाही. मी आधीच नवऱ्याकडून आडतीवरची जुनी ताडपत्री मागवली होती. खोलीत पत्र्याखाली माणूस बसेना, म्हणून लेकीची बाज ओसरीवर घेतली, आणि ओसरीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री आवळून बांधली. वर पत्र्यापर्यंत, खाली जमिनीपर्यंत, कडेला दगड ठेवले. एक फट ठेवली नाही. बाळंतिणीला वारं लागू नये, पोरीला नजर लागू नये. लेकीचे कान बांधले, डोकं बांधलं. सकाळी सुईणीनं बाजेखाली शेगडी ठेवून शेक दिला. शेगडी तशीच आत राहिली. निखारे विझले पण शेगडी तापलेली होती. हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त समोरचा पडदा दिसत होता.

लेक दोनदा म्हणाली, "आई, जीव घाबरा होऊन राहिलाय."

मी म्हटलं, "बाळंतिणीला व्हतंच तसं. पडून रहा."

तर ती दोरी कापल्यावरची गोष्ट. बाईनं पोर माझ्या हातातून घेतली नाही, हिसकावली. अंगावरची सगळी फडकी काढली, टोपरं काढलं. आपल्या घागरीतलं पाणी आणलं, पदर भिजवला आणि पोरीचं अंग पुसायला लागली, काखा, मान, जांघा. मला म्हणाली, "तुम्ही लेकीला बघा. डोकं सोडा तिचं. पाणी पाजा, घोट घोट. मीठ-साखर घाला."

"बाळंतिणीला गार पाणी?"

"अक्का, भांडण मंग करू."

मी लेकीचं डोकं सोडलं. पाणी पाजलं. पण डोळा बाईच्या हातावर ठेवला. ती ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होती, तेलुगूत. मला वाटलं मंत्र म्हणतेय. मी म्हटलं, "काय म्हणून राहिलीस?" तर म्हणाली, "मोजून राहिले. श्वास."

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. पोरीनं तोंड वाकडं केलं. मग बारीक आवाज काढला, मांजरीच्या पिल्लासारखा. लेक तोवर शुद्धीवर येऊन बसली होती. तिनं हात पुढं केले. माझ्याकडं नाही, बाईकडं. बाईनं पोर तिच्या छातीला लावली. दोनदा तोंड घसरलं, तिसऱ्यांदा पोरीनं धरलं.

नवरा आला आणि आम्ही पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तपासलं, अंगावर पाजत रहा म्हणाला, पोरीला मोकळ्या हवेत ठेवा म्हणाला. घरी परत आलो तर सुईण दारात. पडलेली ताडपत्री बघून तिनं कपाळावर हात मारला.

मी बाईला सगळ्यांसमोर विचारलं, "तू पडद्याआडून बघत व्हतीस का न्हाई?"

"हाव," ती म्हणाली. "रोज बघते. पोर कधी रडते, कधी पिते, सगळं ठाऊक हाय मला. ताडपत्री बांधल्यापासून नुसतं ऐकून राहिले व्हते. आज ऐकू येईना."

"आणि पाणी? गोणपाट कशानं भिजवतीस?"

"तांदूळ धुतलेलं, भांडी खंगाळलेलं. टाकत न्हाई मी." मग म्हणाली, "तुम्ही रांजण मोजता ते बी दिसतंय मला."

नवरा हसला. मी हसले नाही.

मग तिनं सांगितलं की तिचं एक लेकरू होऊन गेलेलं. बिलोलीला, पत्र्याच्या खोलीत, असंच उन्हाळ्यात, दीड महिन्याचं. तिलाही सगळं बंद करून ठेवलं होतं. सांगताना रडली वगैरे नाही. बाजारातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि घागर उचलून घरी गेली.

सुईण मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "म्हंजे वांझ न्हाई. लेकरू गेलेली हाय. ही तर त्याहून वाईट. बांध परत ताडपत्री."

मला तिचं खरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू. लेकरू गेलेली बाई दुसऱ्याच्या लेकराची वेळ मोजत पडद्याआड बसते, हे मला चांगलं लक्षण वाटत नव्हतं. पण ताडपत्रीच्या आत काय झालं होतं ते मी हातानं पाहिलं होतं, आणि उन्हाळा अजून महिनाभर होता. बंद करावं तर पोर जाते. उघडं ठेवावं तर मावळतीचं ऊन आणि तिची नजर. मी सुईणीला म्हटलं, "तू घरी जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आपला चिकाचा पडदा काढून खांद्यावर टाकून अंगणातून आली. न विचारता. "हितं लावते," म्हणाली.

"का? तुला नको?"

"माझ्याकडं ऊन कुठं येतंय? झळ येती तेवढीच. सोसंन मी."

मी नाही म्हणणार होते. बाजेवरून लेक म्हणाली, "आई, लावू दे तिला. न्हाईतर मी आजच निलंग्याला जाते." बारा-तेरा दिवसांची बाळंतीण एस्टीत बसून जाणार म्हणते! पण तिचं तोंड बघून मला वाटलं की जाईल.

मग लावला. मी शिडी धरली. ती वरून सांगत होती आणि मी ऐकत होते, कारण त्या कामाला माझा हात लागत होता. पडदा ओसरीच्या आत नाही लावायचा, वाशाच्या बाहेरच्या अंगाला लावायचा, म्हणजे ऊन बाहेरच अडतं. आत लावला तर ऊन आत येऊन पडदा तापवतं आणि तापलेला पडदा आपल्याजवळ लटकतो. पत्र्याखाली वीतभर जागा मोकळी सोडायची, वरची गरम हवा तिथून निघून जाते. खालची बाजू जमिनीला टेकवायची नाही. दोन्ही कोपऱ्यांना सुतळीनं दगड बांधायचे, म्हणजे वारा आला तरी पडदा आपटत नाही. उत्तरेची बाजू पूर्ण उघडी. गोणपाट वारा असेल तेव्हाच भिजवायचं, वारा पडला की ओलं गोणपाट नुसतं कोंदट करतं. आणि ऊन उतरलं की पडदा वर गुंडाळायचा, रात्रभर ओसरी निवू द्यायची.

"आणि बाळंतिणीला वारं लागलं तर?" मी विचारलं.

"पायावर चादर टाका. तोंडावर नको."

त्या दिवशी दुपारी बाजेजवळ बसता येत होतं. पंधरवड्यानं प्रथमच. लेक जेवली. पोरीला सहा वेळा पाजलं, मी मोजलं.

त्यानंतर महिनाभर पडदा आमच्याकडं होता आणि तिची ओसरी उघडी पडली. आता मी आत होते आणि ती बाहेर. मी दुपारी पोरीला मांडीवर घेऊन कांबट्यांतून तिच्याकडं बघत बसायचे. म्हटलं, बघू काय करते. ती ज्वारी निवडायची. मान वर करायची नाही. पोर रडली की तिचा हात सुपात थांबायचा, आणि पोर गप झाली की पुन्हा चालायचा. दुसरं काही मला दिसलं नाही. तरी संध्याकाळी मी पोरीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकत होते. एक दिवससुद्धा चुकवला नाही. आणि पोर तिच्या हातात मी कधी दिली नाही. लेक द्यायची, मी घरात नसताना. मला कळायचं, पोरीच्या अंगाला तिच्या खोबरेल तेलाचा वास यायचा.

बारसं साधंच केलं, पाण्यामुळं. तिला बोलवायचं की नाही यावर माझं आणि लेकीचं वाजलं. लेकीनं बोलावलं. ती आली, दाराजवळ बसली, घुगऱ्या घेतल्या आणि पाळण्याजवळ न जाता उठून गेली.

मृग कोरडाच गेला, पाऊस आर्द्रात आला. लेक पोरीला घेऊन निलंग्याला गेली. भाडेकरू आणखी वर्षभर राहिले. मग त्याची बदली नांदेडला झाली. जाताना बाईनं पडदा मागितला नाही आणि मी दिला नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत आणखी दोन बाळंतिणी होत्या. सुईणीनं त्यांनाही बंद करून ठेवलं होतं. त्यातलं एक लेकरू गेलं. माझी लेक जगली, आणि तिची पोर जगली.