चुकीच्या फाईलवर चढवलेला पॅच

या सदरात मी येतो तो दुपारच्या जेवणानंतरची झोप उडवायला. लोकांचे अनुभव वाचायचे, मनातल्या मनात हसायचं आणि परत कामाला लागायचं. करणी, दृष्ट, अंगात येणं... कशावरही माझा विश्वास नाही, आणि खरं सांगतो, आजही नाही. फक्त एका बाबतीत माझी बोलती बंद झाली आहे, म्हणून लिहितोय.

मी साताऱ्याचा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मापात बसलेला पार्ट पुढे, न बसलेला लाल रंग लावून बाजूला. बायको म्हणते घरीही तू तसाच आहेस, चपातीलाही एखाद दिवशी लाल रंग लावशील. असो.

माझा मित्र अभय तासगावचा. सांगलीला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. घरची द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, घरात पक्कं जैन वळण. आम्हा दोघांना एकच वेड — लहानपणीचे टीव्हीला जोडायचे गेम. नोकरीधंद्याला लागल्यावरही ते सुटलं नाही. हल्ली हे गेम कॉम्प्युटरवर चालतात आणि हौशी लोक त्यात बदल करतात: नवी चित्रं, नवी भाषा. सगळा गेम कुणी कुणाला देत नाही, तशी रीतच आहे. फक्त केलेल्या बदलांची छोटीशी फाईल द्यायची, तिला पॅच म्हणतात. ज्याची त्याने आपली मूळ गेमची फाईल घ्यायची आणि एका टूलने तो पॅच तिच्यावर चढवायचा. अट एकच. पॅच ज्या मूळ प्रतीवरून बनवला, तीच प्रत हवी. एवढासा फरक असला तरी टूल कुरकुरतं, आणि जबरदस्ती केलीत तर गेमचा खिचडा होतो.

अभयने एका जुन्या जपानी गेमचं तासगाव करायला घेतलं होतं. गावातून हिंडायचं, भेटेल त्याच्यासमोर उभं राहून बटण दाबायचं, की तो बोलणार, असा तो गेम. त्यात अभयने बागा काढल्या, एसटी काढली, हिरव्या कापडाखालचं बेदाण्याचं शेड काढलं. देवनागरीचं एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी बसवलं. जोडाक्षरांनी जीव खाल्ला त्याचा. आणि गावातली माणसं बोलायची ती अस्सल तासगावची. मी एकदा म्हटलं, "जरा शुद्ध लिही की, लोक वापरतील." तर म्हणतो, "शुद्ध बोलणारा माणूस माज्या गावात शिरला तर लोक त्याला तलाठी समजत्यात गड्या!"

त्याने मला पॅच मेलने पाठवला. सोबत एकच ओळ, "चढवून बघ आणि चुका काढ, तुझं कामच हाय त्ये." त्याच आठवड्यात तो गेला. सांगलीच्या रस्त्यावर संध्याकाळी त्याची गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गेली.

पुढचं मला त्याच्या आईकडून कळलं. सुमनकाकू सूर्यास्तानंतर अन्नाला हात लावत नाहीत आणि त्यांची चूलही तेव्हाच बंद होते. त्या दिवशी अभय शेडवरून आला तेव्हा दिवस मावळला होता. काकू नेहमीसारख्याच म्हणाल्या, "दिस बुडाला, आता सकाळी." तो हसला, गाडीला किक मारून सांगलीला निघाला.

"पोरगं उपाशी गेलं रं नितीन," एवढंच त्या म्हणायच्या. त्या दिवसापासून त्यांनी दिवसातून एकदाच जेवायला सुरुवात केली. कुणी विचारलं की व्रत आहे म्हणायच्या. व्रत कसलं, ती शिक्षा होती. वर्षभरात त्या इतक्या वाळल्या की डॉक्टरांनीही हात टेकले. महाराजांनी समजावलं, जावांनी भांडून पाहिलं. काकू ऐकून घ्यायच्या आणि संध्याकाळी ताट पालथं घालायच्या.

माझ्याच्याने तो पॅच उघडवत नव्हता. शेवटी द्राक्षाच्या हंगामात एका सुट्टीला बसलो. माझ्याकडची मूळ फाईल टूलला पसंत पडेना. आणखी दोन-तीन शोधल्या, तरी तेच. म्हणून वैतागून जबरदस्ती चढवला. व्हायचं तेच झालं. चित्रं जागेवर, पण गावातला प्रत्येक माणूस अगम्य बोलत होता, नुसती काना-मात्रांची खिचडी. तरी बागा दिसत होत्या, शेड दिसत होतं. म्हटलं, काकूंना एवढं तरी दाखवू. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन तासगावला गेलो.

दुपार कलली होती. सोप्यात लॅपटॉप स्टुलावर ठेवला, काकूंनी चहा दिला. मी गेममधला माणूस शेडच्या रस्त्यापर्यंत चालवत नेला आणि चहा घ्यायला हात काढला. उजव्या हातात कप, डाव्या हातात बशी. हे मुद्दाम सांगतोय.

"काकू, बघा, हे तुमचं शेड."

"आनि ह्यो कोन हुबा हाय?"

शेडपाशी एक माणूस उभा होता. घरी मी बघितलं तेव्हा ती जागा रिकामी होती. मला वाटलं, खिचडीतलाच काहीतरी प्रकार. तेवढ्यात तो वळला आणि खाली बोलण्याची चौकट उघडली. या गेममध्ये बटण दाबल्याशिवाय कुणी बोलतच नाही. आणि अक्षरं स्वच्छ होती, अभयने बसवलेली.

काकूंनी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं. "आई, मी जेवून निघालो हुतो."

मी स्टुलापासून मागे सरकलो. काकू मात्र अजिबात घाबरल्या नाहीत. पडद्याजवळ तोंड नेऊन, आतल्या खोलीतल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "व्हय रं? कुटं जेवलास? शेडवर?"

चौकट मिटली. तो माणूस तिथंच उभा राहिला. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर अजून ऊन होतं. मला भाकरी मोडल्याचा आवाज आला. वर्षभरानंतर ती बाई दिवसातलं दुसरं जेवण जेवत होती. मी सोप्यात बसून लहान मुलासारखा रडलो.

फोटो काढायचं मला सुचलं नाही. वाटलं, फाईल आपल्याकडेच आहे की, जाते कुठे!

निघताना काकूंनी मला अभयचा पेनड्राइव्ह दिला. त्यात त्याने वापरलेली मूळ प्रत होती, शंभर टक्के बरोबर. साताऱ्याला आल्यावर माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. म्हटलं, खिचडी कशाला ठेवायची, काकूंना सगळं गाव नीट बोलताना दाखवू. बरोबर मूळ प्रत घेतली, पॅच चढवला. टूल खूश. याच नावाची फाईल आहे, तिच्यावर लिहू का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. खराब माल होता ना तो! खराब माल बाजूला काढायचाच पगार घेतो मी.

गेम उघडला. अख्खं तासगाव बोलत होतं, "आवं दाजी, कवा आलासा?" एकही अक्षर चुकलं नव्हतं. शेडपाशी कुणी नव्हतं.

मग माझी गाळण उडाली. तीच चुकीची प्रत परत काढली, तोच पॅच परत जबरदस्तीने चढवला. हे निव्वळ गणित आहे हो, तीच प्रत, तोच पॅच, तर निकालही तोच यायला हवा. खिचडी तशीच आली. माणूस आला नाही. पॅचमधलं एकूण एक वाक्य मी काढून वाचलं. त्यात एसटी कंडक्टरचं चहावरून भांडण आहे, बेदाण्याच्या दरावरून शिव्या आहेत. ते वाक्य कुठंच नाही.

थोड्याच दिवसांत काकूंचा फोन आला. आवाज ठणठणीत. "नितीन, दोन टायम जेवतीया बग. तेवढं एकदा ते परत दाखव की रं. कुटं जेवला ते इचारायचं राह्यलंय."

मला खरं सांगता आलं नाही. भीती एकच, फाईल गेली म्हटलं तर त्या परत ताट पालथं घालतील. म्हणून मी तो माणूस स्वतः बसवला. आम्हाला हे अवघड नसतं, एका बैठकीचं काम. शेडपाशी उभा केला, तोंडात तेच वाक्य घातलं, खाली भर घातली: "शेडवरच जेवलो."

तासगावला गेलो. काकू नवं लुगडं नेसल्या होत्या. मी माझा गेममधला माणूस शेडपर्यंत नेला, बटण दाबलं, चौकट उघडली. त्यांनी वाचलं. मनातल्या मनात, मोठ्याने नाही. मग पडद्याकडे न बघता माझ्या बोटाकडे बघत राहिल्या.

"त्या दिवशी तू काय दाबलं न्हवतंस."

मी मान खाली घातली. सगळं सांगून टाकलं, फाईलवर फाईल लिहिल्याचंसुद्धा. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माज्यासाटनं केलंस व्हय," त्या म्हणाल्या. "चल, उजेड हाय तवर जेवून घे."

मला वाढलं. आमटी, भाकरी, दही. समोर बसून आग्रह करत राहिल्या.

"तुमी पण घ्या की काकू."

"मला नगं आता. सकाळी जेवलीया."

माझ्या खोट्यानंतर त्यांना पहिल्या वाक्याचाही भरवसा राहिला नसावा; त्यांनी पुन्हा एकच वेळ धरली आहे. मी दर महिन्याला जातो, त्या मला पोटभर वाढतात. पडद्यावर ते वाक्य कसं आलं? पॅचवाल्या जाणकारांना विचारलं, त्यांनी मेमरीतला कचरा असेल म्हणून सांगितलं. असेलही. पण तो कचराही मी जपून ठेवला असता हो... तर काकू आज माझ्यासोबत जेवायला बसल्या असत्या.