दीड तास आणि केरसुणी

मी चौथीपतोर शिकलेली, आणि विमान आमच्यात कुणी जवळनं बघितलंबी न्हवतं, म्हणून आमचे हे विमानानं हैदराबादेला जाणार म्हटल्यावर मी घाबरलेच. हे चिंचवडला कारखान्यात फिटर. तिकडं एका गिरणीचं मशीन बंद पडलं हुतं, त्याचा सुटा भाग इथं बनला, आणि रेल्वेनं रात्र नि वर अर्धा दिवस जातोय म्हणून साहेबानं यांना तो घेऊन विमानात बसवायचं ठरवलं. यांना सर्दी, नाक गच्च. पर न्हाई म्हणायची सोय न्हवती.

शेजारचे चाचा लोहगावच्या विमानतळावर मिस्तरीकाम करून आलेले. त्यांना इचारलं, किती लांब, किती येळ. म्हणाले, "दीड तास, पोरी. तू भाकऱ्या थापून उठशील तवर तो हैदराबादेत." दहाला सुटणार, म्हंजे कारखान्याच्या बाराच्या भोंग्याआधी उतरणार. घरात घड्याळ न्हाई, भोंगाच काय तो.

सासूबाईंनी बजावलं, माणूस वाटंला लागलं की ते पोचंपतोर घरात केर काढायचा न्हाई, त्याची वाटच झाडून टाकल्यागत हुतं. हे रेल्वेनं कुठं गेले की आमी दुसऱ्या दिसापतोर केरसुणीला हात लावत न्हवतो.

हे सकाळी गेले. सासूबाई धुणं घेऊन नदीवर गेल्या, आणि माझ्या आठ महिन्यांच्या पोरीनं कंदील ओढला. काच फुटली, घरभर. मोठे तुकडे मी येचले, पर बारीक कच तशीच चमकत पडलेली, आणि पोरगी रांगती. तिला काखंत धरून मी दारात उभी ऱ्हायले. हात बधिर झाला, ती रडली, मी रडले, पर केरसुणी घेतली न्हाई. मग भोंगा झाला. मी मनात म्हटलं, उतरले, आता भुईवर हायत, आणि भराभरा केर काढला. कच राखंत लोटली. सासूबाईंना सांगितलं न्हाई.

यांना विमानतळावर सोडलेल्या गाडीत यांची छत्री ऱ्हायली हुती, ती द्यायला सांजच्याला कारखान्याचा डायवर आला. म्हणाला, विमानात काय बिघाड निघाला, लई खोळंबलं, बाराच्या ठोक्याला उडालं. म्हंजे मी झाडत हुते तवाच हे वर चढत हुते.

तिसऱ्या दिशी तार आली. आमच्यात तार मरणाचीच येती, सासूबाईंनी उघडायच्या आधीच गळा काढला. चाचांनी वाचली, सुखरूप पोचलो. सासूबाईंनी देवाला साखर ठिवली. माझ्या वाटची मी पोरीला चाटवली.

आठ दिसांनी हे रेल्वेनं परत आले, डाव्या कानात कापूस. विमान वर चढतानाच कळ आली, उतरताना आत फुटलं. डाक्टर म्हणाले, सर्दीत उडायला नको हुतं, पडदा फाटला, आता त्या कानानं ऐकू येणार न्हाई. मी रडाय लागले तर हेच मला म्हणाले, "अगं, कान गेलाय. मी हाय न्हवं?"

चार महिने झाले, केर काढलेला मी अजून सांगितला न्हाई. बोलायचं तर उजव्या बाजूनं बोलती.

आता साहेब म्हणतोय, याला वाट ठाऊक झाली, परत यालाच धाडू. सोमवारी जायाचंय. केरसुणी मी आजच आढ्याला खोचली, हात पुरणार न्हाई इतकी वर. कंदीलबी वर टांगला. पोरगी आता चालाय लागलीय.