औषध पचवलेलं गवत

लग्न होऊन सुरतेत आले आणि पहिले दोन महिने मी साड्यांचे दोरे कापत बसले. नवरा पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये, आणि मी बमरोलीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, मांडीवर गठ्ठा घेऊन. मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एक दिवस कात्री फेकली आणि नवऱ्याला सरळ सांगितलं, "माले हाई नही जमत." तो म्हणाला, मग काय करशील? म्हटलं, निंदायला जाईन. शेतकऱ्याची पोर आहे मी, उघड्यावर काम करेन, पण या खोलीत सडणार नाही.

आमच्या ओळीतल्या चारपाच बाया पलसाण्याच्या बाजूला एका काकांच्या भातात जात होत्या. त्यांच्यासोबत टेम्पोत चढले. पहिल्याच दिवशी माझी अशी फजिती झाली की विचारू नका. आमच्याकडे खान्देशात ज्वारी, बाजरी, कापूस. भात पाहिला होता तो ताटातच! चिखलात उतरले आणि हिरवं दिसेल ते उपटत सुटले. दुपारी काका बांधावर आले आणि डोक्याला हात लावून ओरडले, "अरे बेन, आ शुं कर्युं!" मी अर्धा वाफा भातच उपटला होता, आणि गवत मोठ्या मायेनं राखलं होतं.

त्या गवताला तिकडं सामो म्हणतात. उपासाच्या भगरीचाच भाऊबंद. भाताच्या रोपात मिसळून येतो, भातासोबतच लावला जातो, आणि लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. त्या दिवसानंतर आम्ही सगळ्या खान्देशी बायांनी एकच नियम केला: लोंबी दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन हंगाम तसंच केलं. काका खूश, आम्ही खूश. चुकलो कुठं ते आम्हाला कळलंच नाही.

मग काकांनी औषध आणलं. लावणी झाली की वाळूत कालवून चिखलात फेकायचं, की गवत उगवायच्या आधीच मरतं. पहिल्या वर्षी खरंच शेत आरशासारखं स्वच्छ. काका म्हणाले, आता बायांची गरज नाही. झालं! मी परत दोरे कापायला. त्या वर्षी मी त्या औषधाला इतक्या शिव्या दिल्या की नवरा हसायचा. म्हणायचा, औषधानं तुझं काय घोडं मारलंय? म्हटलं, माझंच मारलंय.

औषध आल्यापासूनच्या तिसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या उसात काम मिळालं. बांधावरून पाहिलं तर काकांच्या भातात सामो कमरेएवढा. बाकीचं तण सगळं मेलेलं, त्यामुळे याला ना कुणाची अडवणूक, ना वाटेकरी. खत, पाणी, ऊन, सगळं एकटाच खात होता आणि भात त्याच्या बुडाशी पिवळा पडला होता. काका दुकानदाराला भेसळखोर म्हणत होते. दुप्पट औषध फेकून झालं होतं.

माझ्यासोबत तिथल्याच गावातली एक मजूर बाई होती, भातात हयात गेलेली. ती म्हणाली, "औषध बरोबर आहे. गवत आता ते पचवायला शिकलं." तिनं बांधावरचं एक रोप उपटलं, पान खाली ओढून ते दांड्याला जुळतं तो सांधा दाखवला. भाताच्या सांध्याला पातळ पांढरी जीभ असते, नखाला लागते. सामोला काहीच नसतं, नुसता गुळगुळीत. म्हणजे लोंबीची वाट बघायची गरजच नव्हती! म्हटलं, मावशी, हे आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तू विचारलंस कधी?"

मला त्या क्षणी स्वतःचा राग आला. आम्ही लोंबी येईपर्यंत थांबत होतो आणि उपटताना निम्मे दाणे चिखलात सांडत होतो. काकांचं औषध नंतर आलं, बी आम्हीच पेरून ठेवलं होतं. ही चूक मला पुसायची होती. आणि खरं सांगायचं तर, दोऱ्यांकडे परत जायचं नव्हतं.

पुढच्या लावणीला मी काकांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काका, जे मरायचं ते पहिल्याच वर्षी मेलं. जे मेलं नाही त्याचंच बी पडलं. दरवर्षी तेच औषध टाकून तुम्ही न मरणारं बी निवडताय." काका म्हणाले, "माझा भात उपटणारी आता मला शेती शिकवणार?" म्हटलं, "हो, तीच. कालव्याकडचं एक खाचर मला द्या, औषध न टाकता. शेजारच्यात तुम्ही टाका. माझ्यात सामोची एक जरी लोंबी दिसली तर तुमच्या बांधावर पाय ठेवणार नाही. नाही दिसली तर सगळं शेत आमच्या हाती." काका हसले आणि हो म्हणाले. बहुतेक माझी खोड मोडायलाच.

विसाव्या दिवशी आम्ही उतरलो. रोपागणिक वाकायचं, सांधा नखानं चाचपायचा, मग उपटायचं. बाया वैतागल्या. "एवढं बारीक तर जावयाला पण कुणी बघत नाही," एक म्हणाली. दहा दिवसांनी परत उतरवलं, मग अजून एकदा. अंगठ्याची नखं काळी पडली. मी कुणाला सोडलं नाही.

भात पोटऱ्यात आला आणि काका पाहायला येणार त्या सकाळी मी एकटीच खाचरातून फिरले. पाणी आत येतं त्या कोपऱ्यात सामोची एक लोंबी उभी होती. एकच. मागून आलेली आमच्यातली एक बाई कुजबुजली, "कंबरेला खोच अन् गप बस, कोण बघतंय?"

कुणीच बघत नव्हतं. पण गप बसणं मला कधी जमलंय? मी ती मुळासकट उपटली, दाणे सांडू नयेत म्हणून लोंबीभोवती मूठ घट्ट धरली आणि काका बांधावर येताच त्यांच्यासमोर उभी राहिले. "ही माझ्या खाचरातली. राहिली माझ्याकडून. आता शेजारच्या तुमच्या खाचरातल्या मोजा."

काका शेजारच्या खाचराकडे वळले. तिथं भात शोधावा लागत होता. म्हणाले, "उद्यापासून किती बाया आणशील?"

"मी हरले, काका. पाय ठेवणार नाही म्हणाले होते."

"मी ठेव म्हणतोय ना!"

"मग ऐका. औषध बंद. आणि कधी उतरायचं ते मी ठरवणार, तुम्ही नाही."

त्यांनी मान हलवली आणि लोंबीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. शेतापासून लांब, सडकेच्या कडेला नेऊन वाळल्या काटक्यांवर ठेवली, काडी लावली आणि शेवटचा दाणा जळेपर्यंत तिथंच उभी राहिले.