मोटेची जोडी जिनात

तापीकाठच्या आमच्या मळ्यात ऑइल इंजिन आलं आणि मी विद्वान झालो. तोवर केळीला पाणी मोटेनं जायचं आणि मोट हाकणारा मीच. इंजिन बसलं त्या दिवशी विहिरीवर जमलेल्या मंडळींना मी हवेचा दाब समजावून सांगितला. पाणी इंजिन ओढत नाही, हवाच ते वर ढकलते, असं अगदी मास्तरांच्या थाटात. काकांनी शांतपणे विचारलं, "हवाच ढकलस, ते मंग डिझल कसाले जाळतस?"

शाळेत एवढं पुढचं शिकवलं नव्हतं.

पण इंजिन चाललं, आणि झकास चाललं. दिवसभराचं भिजवणं दुपारच्या भाकरीआधी उरकू लागलं. मोट हाकताना मी जी गाणी म्हणायचो तीही बंद पडली. शेजारच्या मळ्यांना इंजिन आवडायला तेवढं एकच कारण पुरेसं होतं.

प्रश्न राहिला मोटेच्या बैलांचा. काम नाही, चारा मात्र रोजचा. बापू, म्हणजे आमचे वडील, येत्या बाजारात जोडी विकायला निघाले. ती मी वासरं असल्यापासून वाढवलेली. मी छाती काढून म्हणालो, यांना गाडीला जुंपतो, शहाद्याच्या जिनात कापूस पोचवतो, बघाच. बापूंनी एक खेप कबूल केली. नीट झाली तर बैल राहतील, नाहीतर बाजार. आणि पारख करायला स्वतःच गाडीत चढून बसले.

सडकेनं जोडी अशी ऐटीत चालली की मी सारखं मागं वळून बापूंकडे बघत होतो. जिनाच्या फाटकाशी गाड्यांची रांग. आत सरकीपासून कापूस सुटा करणारी यंत्रं धडधडत होती, अंगणभर कापसाचे तंतू उडत होते.

आता मोटेचा बैल दोनच गोष्टी शिकलेला असतो. उतारानं ओढत खाली जायचं, आणि मोट रिकामी होऊन पाणी पडल्याचा आवाज आला की तोंड न वळवता मागच्या मागं वर यायचं. हे मला ठाऊक होतं. मीच शिकवलं होतं. फाटकाच्या आत उतार आहे आणि उताराशेजारी बॉयलरचं पाणी हौदात सोडतात, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमची गाडी उतारावर आली. हौदात पाणी धो धो पडलं. जोडी थांबली आणि अदबीनं मागं निघाली.

मी ओरडलो, शेपट्या पिरगाळल्या, हातापाया पडलो. मागच्या गाडीवाल्यानं आपले बैल कसेबसे बाजूला घेतले आणि विचारलं, "काय भो, कापूस इकाले उना का परत घर लई चालना?" सगळी रांग हसली. बापूंनी टोपी कपाळावर ओढून घेतली. पाणी थांबलं तसे बैल पुन्हा खाली. पुन्हा पाणी, पुन्हा वर. मी गाडीवर उभा राहून सबंध जिनाला मोट दाखवत होतो.

जिनाचा मुकादम तणतणत आला. पण शिव्या देता देता थबकला. पलीकडे कापूस उतरवायच्या ओट्याला लावण्यासाठी गाड्या मागं घ्याव्या लागत, आणि साधे बैल मागं जाईनात, म्हणून हमाल बैल सोडून, चाकांना खांदे लावून गाड्या ढकलत होते. त्यानं आमची गाडी ओट्यासमोर न्यायला लावली आणि हौदावरच्या माणसाला हात केला. पाणी पडलं. जोडी सरळ रेषेत मागं गेली आणि गाडी ओट्याला अलगद टेकली.

"हाई जोडी कोनी शे?" मुकादमानं विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी बापू म्हणाले, "मन्ही."

मुकादम म्हणाला, हंगाम सरेपर्यंत जोडी इथंच राहू दे. कुणाचीही गाडी असो, ओट्याला हीच लावेल. चारा जिनाचा, वर भाडं.

परतीला दुसऱ्याच्या गाडीत बसून आलो. वाटेत बापू माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बैलस्ले नोकरी लागनी. आते तुन्हं काय?"

मी म्हटलं, मी आहे की इंजिनावर.

"मंग पह्यले काकाले त्या डिझलना जबाब दे," बापू म्हणाले, आणि टोपी सरळ केली.