पांगाऱ्याकडे तोंड केलेली खुर्ची

लवंगेच्या तेलाचा वास आला की माझी जीभ आपोआप मागच्या दाढेकडे जाते. परवाही गेली. बाणेरच्या एका दवाखान्यात, पाचव्या मजल्यावर, मी खुर्चीत आडवी झाले होते आणि छतावरच्या पडद्यावर एक धबधबा कोसळत होता. पेशंटचा ताण हलका व्हावा म्हणून म्हणे. कल्पना चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण तो धबधबा दर मिनिटाला पहिल्यापासून कोसळायचा, आणि जिच्याबाहेर खरी टेकडी होती त्या खिडकीला मात्र पडदा ओढलेला. मी डोळे मिटून घेतले, तेव्हा मंडईमागचा तो जुना दवाखाना आठवला.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात होते. उभा जन्म लोखंडाला भोकं पाडण्यात गेला. दारूगोळ्याच्या शेजारी वावरलेला माणूस, पण दातांच्या डॉक्टरपुढे त्यांची गाळण उडायची. एकदा तर ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून एका डॉक्टरच्या खुर्चीतून उठले, ते गळ्यातल्या कागदी रुमालासकट थेट मंडईत. तशाच अवतारात मेथीची जुडी घेऊन घरी आले. भाजीवालीने काही विचारलं नाही, हे वर अभिमानाने सांगितलं. पुढे मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. दाढेत पू झाला, गाल सुजला, आधी भाकरी सुटली, मग भातही. मधुमेह होताच. दाढ या आठवड्यात निघाली नाही तर जिवावर बेतेल, असं घरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर बाबांचा रागही आला.

मंडईमागच्या त्या वयस्कर दंतवैद्यांचं नाव कुणीतरी सुचवलं. त्यांची खुर्ची उलटी होती. बाकीचे लोक खुर्ची आपल्या सोयीने मांडतात. यांनी ती मागच्या खिडकीकडे, बाहेरच्या पांगाऱ्याकडे तोंड करून मांडली होती. त्यापायी त्यांना स्वतःला वाकडं उभं राहावं लागे आणि कंबर कायमची धरलेली असे. पेशंट बसला की पाच मिनिटं हत्यारांना हात लावायचा नाही, हाही त्यांचाच नियम. पुण्यात असून त्यांनी त्याची पाटी लावली नव्हती, एवढंच.

फाल्गुनातली सकाळ होती. पांगाऱ्यावर पान नव्हतं, नुसती लाल फुलं. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी बोटात रुतत होती. एका वाळक्या फांदीवर चिमणीएवढा तांबट पक्षी चोचीने भोक पाडत होता. बाबा बघत राहिले. थोड्या वेळाने सुजल्या तोंडाने म्हणाले, अगदी गोल पाडतोय, आणि भुसा बाहेर टाकतोय बघ, नाहीतर चोच अडकेल. डॉक्टरांनी “हो का?” म्हणत इंजेक्शन दिलं. बाबांची नजर फांदीवरच. कारखान्यात नव्या कामगाराचं काम असंच निरखत असतील.

दाढ निघाली. डॉक्टर म्हणाले, “झालं. उठा आता.”

बाबांनी कापसाचा बोळा दाताखाली धरून त्यांनाच हाताने थांबवलं. “थांबा जरा. अजून आत मावत नाहीये तो.”

बाहेर चार माणसं ताटकळली होती. डॉक्टर म्हणाले, “बसा निवांत. नाहीतरी एक वाजता आम्ही बंदच करतो.” आणि कंबरेवर हात ठेवून तेही खिडकीशी उभे राहिले.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले, भाकरी खात. आता ते नाहीत, डॉक्टर नाहीत, आणि पांगाऱ्याच्या जागी बहुमजली पार्किंग आहे. ते होणारच होतं. झाडं बघितली की मन शांत होतं, असं हल्ली सगळेच सांगतात. असेल. मी त्या दिवशी झाड फारसं पाहिलंच नाही, मी बाबांकडे बघत होते. त्यांनी माझा हात कधी सोडला, ते त्यांना कळलं नाही. मला कळलं, सुई टोचण्याच्याही आधी. पुन्हा लागला तर असावा, म्हणून मी तो खुर्चीच्या कडेवर तसाच उघडा ठेवून बसले होते. लागला नाही.