आधी कानामागं

जगातली कुठलीही वस्तू, माणूस किंवा बातमी आधी थेंबभर कानामागे लावून बघायची, एक दिवस थांबायचं आणि मगच खरी मानायची, असं ठरवून जगणारी एकच बाई मी पाहिली आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. माझी लेक तिच्या घरात दिली त्याला सत्तावीस वर्षं झाली. बोलणी करायला आम्ही नेकनूरहून परळीला गेलो तेव्हा तिनं आम्हाला अर्धा अर्धा कप चहा दिला. परतताना बसमध्ये माझे मालक म्हणाले, "बाई लई चिकट दिसते." दुसऱ्या खेपेला कप भरून आला, तिसऱ्या खेपेला पुरणपोळी. तिचा हात आखडता नव्हता हे पुढे कळलं. आम्ही तिला सोसतो की नाही, हे ती थोडं थोडं लावून बघत होती.

तिचा नवरा वीज केंद्रात कामाला होता. तो तरणाताठा गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. दहावी नापास बाई, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मदतनीस. तिथं तिनं वीसेक वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, थेंब मोजले, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि निवृत्त झाली तेव्हा ती सगळी प्रयोगशाळा डोक्यात घालून घरी आणली. तिच्या फडताळातल्या प्रत्येक डब्यावर नाव आणि उघडल्याची तारीख असते, मिठाच्या डब्यावरसुद्धा. "पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमधी पाणी कधी न्हाई," हे वाक्य ती कढीला फोडणी देतानाही म्हणते. नव्या साडीच्या पदराचं टोक ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवते, रंग गेला तर साडी दुकानात परत. आमच्या नातीला, ऋतुजाला, चकलांब्याचं स्थळ आलं तेव्हा तिनं मुलाला पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांच्या वर बसू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात अर्धा तास, त्याच्या पुढच्या आठवड्यात भर दुपारी गॅसची टाकी आणायला बरोबर नेलं. मी म्हणाले, "ईनबाई, हे काय चाललंय?" आम्ही एकमेकींना ईनबाईच म्हणतो. ती म्हणाली, "एकदम तासभर बसवला तर कुनीबी गोड बोलतं. उन्हात कसा वागतो ते बघाया नको?" मुलगा उन्हात बरा वागला.

तिच्या दोन्ही गालांवर वांग होते. दुसऱ्या बाळंतपणात उठले आणि परळीच्या उन्हानं पक्के झाले. पन्नास बायकांनी तिला पन्नास उपाय सांगितले, लिंबू घासा, कच्चं दूध लावा, मसुरीचं पीठ चोळा. तिनं एकही केला नाही, कारण सांगणारीच्या तोंडावर त्याचा गुण दिसत नव्हता. मग एकदा ऋतुजा पुण्याहून शिकून आली ती एक बाटली घेऊन, ग्लायकोलिक अ‍ॅसिडची. अ‍ॅसिड हा शब्द ऐकताच विहिणीनं बाटली काढून घेतली. "घरात अ‍ॅसिड आलं की ते माझ्या ताब्यात," म्हणाली. दोन दिवस भिंग धरून चिठ्ठी वाचली. तिसऱ्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला एक थेंब, मग एक दिवस थांबली. मग कानामागे, पुन्हा एक दिवस. मग जबड्याच्या कडेला. चेहऱ्यापर्यंत पोचायला तिला तीन आठवडे लागले. तेवढ्यात आमच्या गावात एक घर बांधून झालं.

त्यानंतर त्या घरात अ‍ॅसिडचे कायदे लागू झाले. बाटली कमी जोराची, दहा टक्क्यांच्या आतली. मंगळवारी आणि शनिवारी, तेही दिवेलागणीनंतर, कारण ते लावून उन्हात गेलं की कातडी उलटी काळी पडते. तोंड धुऊन पुसायचं आणि पुरतं कोरडं होईपर्यंत बसायचं, ओल्या तोंडावर ते जास्त झोंबतं. डोळे, ओठ आणि नाकपुडीच्या कडा सोडायच्या. जरा चुणचुणलं तर चालेल, आग झाली की लगेच धुवायचं, सोसून दाखवायचं नाही. वरून साधी क्रीम. ज्या दिवशी ते लावलं त्या दिवशी दुसरं काही औषध नाही, घासायचं तर काहीच नाही. सकाळी उन्हाची क्रीम, घरात बसणार असलं तरी, आणि दारात भाजीवाला आला तरी डोक्यावर पदर. भुवया कोरायच्या असतील, लग्नात हळद लागणार असेल, तर दहा दिवस आधी बाटली बंद. "कातडी कवळी झालेली असती," ती सांगायची, "तिला हळद-बेसन घासलं तर सालटं निघतंय." हे सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टिपलेलं असे. ऋतुजानं लावलं की लाल खूण, स्वतः लावलं की निळी.

मी तिला खूप हसले. मी चौथीपर्यंत शिकलेली, तोंडाला साबणसुद्धा सणासुदीला लावणारी. एकदा तिच्या माजघरात ती थेंब मोजत बसली होती आणि मी म्हणाले, "ईनबाई, या वयात आता कुनाला दाखवायचंय?" तिनं थेंब मोजून पूर्ण केले, बूच लावलं आणि म्हणाली, "आरशाला. त्यो रोज बघतो." मला तेव्हा तो नुसता तिरकसपणा वाटला.

ऋतुजाचं लग्न गेल्या वर्षी वैशाखात झालं. मी आठवडाभर आधी परळीला जाऊन बसले होते. लग्नाला तीन दिवस राहिले आणि न्हाणीतून पोरीची किंकाळी आली. झालं होतं असं, की आजीनं बाटली बंद केल्यावर नवरीला धीर धरवला नाही. फोनवर कुणाचं तरी बघून तिनं पार्लरवाल्या वापरतात ती जबर बाटली मागवली, तोंडभर फासली आणि फोन बघत बसली. चेहरा लालबुंद झालेला, डोळ्याखाली सूज. मी साय आणि हळद कालवून वाटी घेऊन धावले, कारण भाजलं की आमच्यात तेच लावतात. विहीण दारात आडवी आली.

"ईनबाई, वाटी खाली ठेवा."

"अवो, पोरगी भाजली ना."

"म्हनूनच सांगते. खाली ठेवा."

तिनं पोरीचं तोंड नळाखाली धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाव तास धार सोडली, बोटसुद्धा घासू दिलं नाही. मग स्वच्छ फडक्यानं टिपलं, साधं व्हॅसलीन लावलं आणि रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर धुतलं म्हणून निभावलं. पण पंधरा दिवस चेहऱ्याला हळद नाही, उटणं नाही, मेकअप नाही, ऊन नाही. आता काही घासलं तर काळे डाग पडतील आणि वर्षानुवर्षं जाणार नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद होती. नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावतात, ती चकलांब्याहून येणार होती. ती हळद नवरीच्या तोंडाला लागू द्यायची नाही म्हणजे सोयऱ्यांचा अपमान. आणि खरं कारण सांगावं तर ते म्हणणार, पोरीला कातडीचा रोग आहे, आमच्यापासून लपवला. माझी लेक रडायला लागली. "आत्याबाई, गपचूप लावू द्या, मागनं धुऊन टाकू," असं सासूला विनवू लागली. मीही लेकीच्याच बाजूनं बोलले. एक दिवस हळद लागली तर पोरगी काय मरते का, असं म्हणाले. लिहायला बरं वाटत नाही, पण म्हणाले. विहिणीनं डॉक्टरची चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली.

हळद घेऊन आली ती मुलाची आत्या. उंच, हाडापेरानं जाड, उमेदीची वीस वर्षं ऊसतोडीत काढलेली बाई. मांडवात बायका बसल्या. माझे मालक आहेत, म्हणून मला पाटाला लागून पुढे बसवलं. विहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभी होती. हळदीच्या वेळी विधवा बाई तिथंच उभी राहते. इतक्या हळदींना मी पुढे बसले, पण उंबऱ्याआड कोण आहे हे कधी वळून पाहिलं नव्हतं. आत्यानं वाटीत बोटं बुडवली, पोरीच्या गालाकडे नेली आणि उंबऱ्यातून आवाज आला, "तोंडाला नगं. हातापायाला लावा."

"कावून?" आत्या म्हणाली.

"तोंड भाजलंय तिचं. अ‍ॅसिड लावलं."

मांडवातल्या बायकांचे पदर तोंडाला गेले. मागून कुणीतरी विचारलं, "कुनी टाकलं वो?"

"मीच लावलं, आत्या," ऋतुजा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

विहीण उंबरा ओलांडून पाटापाशी आली. "रोग न्हाई काही. तोंड उजळायला बाटलीतलं लावत्यात, तसलं अ‍ॅसिड. उसात असतंय तेच. थोडं लावलं तर गुन येतो, जास्ती लावलं तर भाजतंय. पोरीनं जास्ती लावलं. ही डॉक्टरची चिठ्ठी."

आत्यानं चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "उसात असतंय म्हनता? आमी वीस वरसं उसात काढली. आमी कावून न्हाई उजळलो?"

"तुमी उन्हात लावलं," विहीण म्हणाली. "ते सांजच्याला लावायचं असतंय."

आधी आत्याच हसली, मग सगळा मांडव. पण हसू ओसरलं तरी वाटी तिच्या हातातच होती. ती म्हणाली, "बाई, तुमचं समदं पटलं. पर पोराला आई न्हाई. तिच्या जागंवर मी आलेय. तोंडाला हळद लावल्याबिगर माघारी गेले तर घरी काय सांगू?"

विहीण म्हणाली, "तिच्या तोंडाची माझ्या तोंडाला लावा."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला लावा, मीही तिची आजीच आहे, एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांची सोय झाली असती, आणि शब्द माझ्या तोंडात आलाही होता. पण विहिणीनं चेहरा पुढे केला होता आणि डोळे मिटले होते. मी गप्प बसले. आयुष्यात मी वेळेवर गप्प बसले असेन ते बहुतेक एवढ्याच वेळी.

आत्यानं विचारलं, "लावू ना?"

"आधी कानामागं," विहीण डोळे न उघडता म्हणाली.

आत्यानं तिच्या कानामागे बोट टेकवलं. एक दिवस थांबायला कुणाला सवड नव्हती, म्हणून मग दोन्ही गालांना लावली, कपाळाला लावली. ऋतुजाला हातापायाला लावली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. फोटोत नवरीचं तोंड व्हॅसलीननं तव्यासारखं चकाकतंय आणि तिची आजी चांगली पिवळी दिसतेय. महिनाभरात पोरीचा चेहरा निवळला, डाग एकही राहिला नाही. चकलांब्याच्या आत्यानं मध्यंतरी निरोप पाठवला, उन्हाची ती क्रीम कुठली ते कळवा.

या वर्षी विहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी चार दिवस तिच्याकडे राहायला गेले. डोळ्यावर पट्टी, तोंडावर पाणी घ्यायला बंदी, आणि पडल्या पडल्या हुकूम चालूच. "माझ्या बाटलीवरची तारीख पुसलीय, कधी उघडली ते कॅलेंडरात बघा, ईनबाई. वरीस झालं असंल तर फेका." नव्या कॅलेंडरच्या मागे त्याच खिळ्याला गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. मी पानं उलटत गेले. वैशाखातल्या हळदीच्या तारखेला तिनं गोल केला होता. त्याच्या दहा दिवस आधी लाल खुणा थांबल्या होत्या. त्या थांबणारच, नवरीला हळद लागायची होती. पण निळ्या खुणाही त्याच दिवशी थांबल्या होत्या. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वर्षभरात एकही मंगळवार, एकही शनिवार तिनं चुकवला नव्हता, फक्त त्या दहा दिवसांत एकही निळी खूण नव्हती. पोरगी भाजायच्या कितीतरी आधीपासून. विहिणीला हळद लागेल असं तेव्हा घरात कुणीही म्हटलेलं नव्हतं.

"सापडली का तारीख?" तिनं आतून विचारलं.

"सापडली. फेकायची झाली," मी म्हणाले आणि कॅलेंडर होतं तसं अडकवून ठेवलं.

तिची क्रीम घेऊन मी तिच्या उशाशी बसले. गाल कोरडे पडले होते आणि डोळ्यापासून लांब लावायला डॉक्टरांची ना नव्हती. सत्तावीस वर्षांत मी तिच्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. वांग अजून आहेत, पण पुसट. मी हात धुऊन बोट डबीत बुडवलं आणि तिच्या कानामागे टेकवलं.

"तिथं कावून?" ती म्हणाली. "क्रीम जुनीच हाय माझी."

"क्रीम जुनी हाय," मी म्हणाले. "बोट नवं हाय."