खुराड्यावरचं ताट

"तिला विचारून काय उपयोग? ती बघते सगळं, बोलत काहीच नाही."

स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून काकांचा आवाज आला, तेव्हा मी खुराड्यामागे गुडघ्यांवर बसून पिसं गोळा करत होते. पिसं तांबड्या कोंबडीची होती. दवाने ओली झाल्यामुळे ती गवताला चिकटली होती आणि एकेक उचलावी लागत होती. काकूंनी बाहेर येऊन ती बघण्याआधी मला सगळं आवरायचं होतं. सात वाजता माझी शिफ्ट सुरू व्हायची. एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर मी दिवसभर अनोळखी लोकांशी इंग्रजीत बोलायचे, तेही अगोदर लिहून दिलेली वाक्यं. शिफ्ट संपेपर्यंत माझ्यातलं बोलणं संपलेलं असायचं.

"लॅचच लावलं नसणार," काका म्हणाले. "अंडी काढली आणि गेली तशीच."

"तिला बोलू नका हं," काकू म्हणाल्या. "लेकरू थंडीत उठून सगळं करतं. तुम्ही उठता का?"

त्या माझी बाजू घेत होत्या, आणि तेच मला जड जात होतं.

क्वेकर्स हिलमधल्या त्या घरात मी एका खोलीची भाडेकरू होते. युनिव्हर्सिटी संपली, नोकरी घरूनच सुरू झाली आणि मी तिथेच राहिले. घरमालक काका-काकू मूळचे पुण्याचे. त्यांची मुलगी याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला होती, पण कोविडमुळे राज्यांच्या सीमा बंद असल्यामुळे तीही परदेशात असल्यासारखीच होती. मे महिन्यात पुण्यात काकूंची आई गेली. इथून कुणी जाऊ शकलं नाही. दहाव्याला भावाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला होता. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. कॉल पुन्हा लागला तोवर ताट उचललेलं होतं.

"शिवला का रे कावळा?"

"हो गं, लगेच शिवला."

भाऊ सगळ्यांना बरं वाटेल असंच बोलतो, असं काकू मला नंतर म्हणाल्या. मग त्या बरेच दिवस अंथरुणातून उठल्याच नाहीत.

त्यानंतर इकडे लॉकडाउन लागायच्या आठवड्यात काका कुठूनतरी पाच कोंबड्या घेऊन आले. काकू अंडंसुद्धा खात नाहीत. "आता माझ्या घरात कोंबड्या?" असं म्हणून त्या रागाने उठल्या, आणि उठल्या त्या उठल्याच. काकांचा तोच हेतू असावा. आठवडाभरात त्या कोंबड्यांना जोंधळे निवडून घालायला लागल्या. काका ऑम्लेट करायचे तेव्हा नाकाला पदर लावायच्या आणि वर म्हणायच्या, "आमच्या काळीचं आहे ना? मग फुगणारच."

कुंपणामागे ओढा आहे आणि त्याच्या काठाने झाडी. तिथून इथले मोठे काळे कावळे यायचे. ते तान्ह्या बाळासारखे रडतात. कोंबडी ओरडली की अंडं घातलं हे त्यांना कळायचं, आणि आमच्याआधी ते पोचायचे. पहिल्यांदा अंडं चोरीला गेलं तेव्हा मी हात वर करून धावले, तर काकू म्हणाल्या, "असू दे गं. नेऊ दे एखादं." दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर त्यांनी स्टीलच्या ताटात भात, वरण, वर तूप असं वाढून आणलं आणि अंड्यांच्या पेटीच्या झाकणावर ठेवलं. आमचं खुराडं कंबरेएवढं उंच होतं. त्याची ती पेटी एका बाजूने बाहेर आलेली होती आणि तिला वरून उघडायचं झाकण होतं. कावळा लगेच आला. त्याने दोन घास घेतले आणि उडाला. काकू हात जोडून उभ्या होत्या.

तेव्हापासून ताट रोज जायला लागलं.

कोंबड्यांतली पहिली गेली ती काळी. सकाळी मी त्यांना मोकळं सोडलं आणि चहा घेऊन परत आले, तेवढ्या वेळात. मग पांढरी. कोल्ह्याने जाळीखालून उकरून बोगदा केला होता. कोंबड्यांची म्हणून विकतात ती जाळी फक्त कोंबड्या आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही, हे तेव्हा कळलं. लॉकडाउनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आम्ही जाड जाळी मागवली, गाडीच्या डिकीत ठेवून घेतली आणि खुराड्याभोवती जमिनीवर आडवी अंथरून तिच्यावर विटा रचल्या. माझ्या बोटांना चिरा पडल्या. काका दिवसभर "माय बॅक, माय बॅक" करत फिरले.

कुंपणापलीकडचे म्हातारे शेजारी मास्क हनुवटीवर ओढून आमचं काम बघत होते. जन्मभर कोंबड्या पाळलेला माणूस.

"कोल्हा रोज येतोय म्हणजे त्याला इथे रोज काहीतरी मिळतंय, लव्ह," ते मला इंग्रजीत म्हणाले. "कोंबडी काही त्याला रोज मिळत नाही."

मी मान हलवली. मला माहीत होतं. त्याच्या दोनच दिवस आधी, उजाडता उजाडता, मागच्या कपडे धुवायच्या खोलीच्या दारातून मी त्याला पाहिलं होतं. पुढचे दोन पाय पेटीवर टेकवून तो कालच्या ताटातलं तूप चाटत होता. कुत्र्यापेक्षा लहान, पाय बारीक, अंगावर खरूज. मी दार वाजवलं तेव्हा तो घाई न करता निघून गेला.

ताट लख्ख झालं होतं. मी ते आत आणून ओट्यावर ठेवलं. काकू उठल्यावर म्हणाल्या, "बघितलंस? शीत नाही ठेवलं. आईचं असंच होतं, पानात काही टाकायची नाही."

काय बोलणार होते मी? तुमच्या आईचं पान कोल्हा चाटतोय, हे वाक्य कुठल्या भाषेत सौम्य वाटेल? मी इंग्लिश मीडियमची. अशा वेळचे मराठी शब्द मला कुणी शिकवलेच नव्हते, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला ते इंग्रजीतही बोलता आलं नसतं.

म्हणून मी न बोलता होणारा उपाय काढला. शिफ्ट संपली की अंधार पडायच्या आत उरलेला भात पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, ताट धुवायचं आणि पुन्हा झाकणावर ठेवायचं. ताट रोज रिकामं दिसायला लागल्यावर काकूंना वाटलं, कावळा आता सगळं खातो. मग भात वाढला. साखरभात आला, साटोरी आली, तुपाची धार मोठी झाली. त्या दुपारी दोन घास जास्त जेवायला लागल्या. कितीतरी दिवस मी रोज संध्याकाळी साजूक तुपाचा भात फेकत होते. पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि वाटायचं, अजून थोडे दिवस, मग त्या आपणच थांबतील.

काल शिफ्ट लांबली. कामावरून उठले तेव्हा बाहेर काळोख होता. मी खुराड्याचं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि आत येऊन झोपले. ताट राहिलं.

आणि आज सकाळी पेटीचं झाकण उचकटलेलं होतं. कडी जिथल्या तिथे होती, पण कोल्ह्याच्या वजनाने मागच्या बिजागरीचे स्क्रू लाकडातून उपसले होते. ताट गवतात पालथं. उरलेल्या दोघी वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

"मी त्या दोघी देऊन टाकतोय," खिडकीत काका म्हणाले. "कुणालाही. रोज हे बघवत नाही."

कुकरचं झाकण लावल्याचा आवाज आला. रोजचा भात लागला होता.

कोंबड्या गेल्या की काकूंना सकाळी उठवणारं काही उरणार नव्हतं. ताट आज पुन्हा झाकणावर गेलं, तर कोंबड्या जाणारच होत्या. मी पिसांची पिशवी बांधली, गवतातलं ताट उचललं आणि मागच्या दाराने आत गेले.

"अगं, पायात चप्पल नाही तुझ्या," काकू म्हणाल्या. "आणि शिफ्ट?"

काका चहाच्या कपात बघत होते. मी ऐकलं होतं, हे त्यांना कळलं असावं. मी ताट ओट्यावर ठेवलं. त्याच्या काठावर वाळलेला चिखल होता. तो अंगठ्याने खरवडता खरवडता मी म्हणाले,

"काकू, कावळा दोनच घास खातो. बाकीचं रोज मी टाकून देते. काल टाकलं नाही, म्हणून ते खायला कोल्हा पेटीवर चढला. आजपासून ताट पुढच्या अंगणात ठेवू या. कावळा शिवेपर्यंत मी तिथे उभी राहीन, आणि शिवला की ताट लगेच आत आणीन. रोज."